उलट बाजू : नवाहो चांदीच्या ३१ नगांच्या नोंदी

११ जानेवारी २०२५, आल्बुकर्की, न्यू मेक्सिको, अमेरिका

समोरच्या घरातल्या आजींचे यजमान १९६० च्या दशकात नवाहो या मूळ अमेरिकी जमातीच्या रिझर्व्हेशनवर, म्हणजे त्यांच्यासाठी राखलेल्या मुलखात, शाळामास्तर होते. तिथे आणि नंतरही त्यांनी जमवलेले चांदीचे दागिने बुटांच्या तीन खोक्यांत आहेत. मास्तर गेल्या वर्षी वारले. मुलं तिघं. वाटणी करायची आहे, पण वाटायचं नक्की काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही. माझं माहेर हुपरीचं, घरात तीन पिढ्या चांदीचं काम, हे मी एकदा चहा पिताना बोलून गेले होते. त्याचं हे फळ.

मी काही घडणावळीतली नाही. आई घरबसल्या पैंजणांच्या कड्या जोडायची, मी शाळेतून आले की तिच्या शेजारी बसून घुंगरं ओवायचे, एवढीच माझी विद्या. पुढे नोकरी संगणकावर. म्हणून आजींना आधीच सांगितलं, किंमत सांगणार नाही. वजन करीन, मापं घेईन, दोन्ही बाजूंनी फोटो काढीन आणि दिसेल ते लिहीन.

साहित्य: दशांश ग्रॅम दाखवणारा काटा, दहापट भिंग, व्हर्निअर, लोहचुंबक, काळं कापड. अॅसिडने कस लावायचा नाही, कानस मारायची नाही.

एकूण नग ३१. आज फक्त मोजले आणि चिठ्ठ्या बांधल्या.

१४ जानेवारी

माहेरी आप्पांना व्हिडिओ कॉल, घरचे चांदीकार तेच. तिकडे सकाळ. क्र. १ ते ५ दाखवले. मी हौसेने पुढची बाजू कॅमेऱ्यासमोर धरत होते आणि ते वैतागत होते. "पुढनं सगळीच देखणी असत्यात गं. उलटं कर बघू."

उलटं केलं, आणि खरंच काम सुरू झालं ते तिथून.

क्र. ३ : उघडं कडं, मध्ये एकच लांबट गोल खडा, हिरवट निळा, तपकिरी शिरांचा. वजन खड्यासकट ८६ ग्रॅम. आतली बाजू एकसारखी नाही, मध्ये २.९ मिमी जाड, टोकाला २.१. भिंगाखाली हातोडीचे पडसाद एकावर एक चढलेले दिसतात, शेणाने सारवलेल्या भिंतीवर बोटांचे फराटे दिसतात तसे. यंत्रातून काढलेला पत्रा असा नसतो. हे लगड ठोकून केलेलं आहे. आप्पा बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "ह्याला भट्टी नीट मिळालेली न्हाई, पण हात पक्का हाय." एका टोकाला बारीक चीर आहे. ठोकताना चांदी कडक होते, तिला पुन्हा पुन्हा तापवून मऊ करावी लागते. तेवढ्यात एकदा घाई झाली असावी.

चांदी आली कुठून? नाण्यांतून. सुरुवातीच्या काळात नवाहो कारागीर अमेरिकी चांदीचे डॉलर मुशीत टाकत. डॉलर २६.७३ ग्रॅमचा, ९० टंच. १८९० च्या सुमारास सरकारने आपली नाणी मोडण्याविरुद्ध बडगा उगारला, तेव्हा मेक्सिकोचे पेसो वितळू लागले. तेही ९० टंचांच्याच आसपास. आमच्या आजोबांनी किती राणीछाप कलदार मोडून तोडे केले याचा हिशेब घरात कुणी ठेवला नाही. कलदार ११.६६ ग्रॅमचा, चांदी जरा वरची.

तीन डॉलरांची चांदी ८० ग्रॅम, वर खडा धरला तर ८६. बेरीज जमली म्हणून खूश झाले. पुरावा म्हणून याची किंमत शून्य आहे, तरी नोंदवून ठेवते.

१९ जानेवारी

क्र. ६ ते १३.

आज ठसे. नवाहो कामाची ओळख एका गोष्टीने करून द्यायची तर मी खड्याचं नव्हे, ठशाचं नाव घेईन. खडे नंतर आले. नवाहोंचा पहिला चांदीकार म्हणून ज्याचं नाव घेतात तो आत्सिदी सानी. हे खरं तर नाव नाही, ओळख आहे: 'म्हातारा लोहार'. तो आधी एका मेक्सिकन लोहाराकडे लोखंडकाम शिकला. चांदी नेमकी कधी हाती घेतली यावर अभ्यासकांत वाद आहे. मधे १८६४ साल येतं. त्या साली अमेरिकी लष्कराने हजारो नवाहोंना शेकडो मैल चालवत बोस्के रेडोंडोच्या छावणीत नेलं, ते १८६८ च्या तहापर्यंत तिथेच. चांदीकाम रुजलं ते परतल्यावर. आणि चांदीत पिरोजा बसवायला सुरुवात आत्सिदी चोन या दुसऱ्या कारागिराने १८८० च्या सुमारास केली असं सांगतात.

तर ठसे. मेक्सिकन चर्मकार खोगिरावर जे ठसे उमटवत, त्यावरून ही कल्पना आली. जुन्या कानशी, रुळाचे खिळे, लोखंडाची कसलीही कांब घेऊन तिच्या तोंडावर नक्षी कोरायची, आगीत घालून पाणी द्यायचं, झाला ठसा. ऐरण म्हणजे बरेचदा रेल्वेच्या रुळाचा तुकडा. नक्षी मोजकीच असते: अर्धचंद्र, किरण, त्रिकोण, ठिपका. कारागिराची करामत म्हणजे त्याच चार ठशांची मांडणी.

क्र. ७ : कडं, ५४ ग्रॅम, खडा नाही. काठाने किरणांचा ठसा ओळीने मारलेला: अर्धगोलाच्या आत सात रेघा. भिंगातून पाहताना दिसलं की डावीकडून दुसरी रेघ टोकाशी बोथट आहे. एकदा नव्हे, बावीसच्या बावीस ठिकाणी. म्हणजे ठशाचाच दात झिजलेला.

क्र. १२ : धनुष्याच्या दोरीचा फटका बसू नये म्हणून मनगटावर बांधायचं कातड्याचं रक्षक, त्यावर चांदीचा पत्रा. नवाहो याला 'केतोह' म्हणतात. बाण कधीच गेले, केतोह समारंभात आणि नाचात राहिला. याच्या काठावर सात रेघांचा किरणठसा. डावीकडून दुसरी रेघ निम्मीच.

रात्री पावणेबारा वाजता मी एकटीच ओरडले. एकच ठसा! एकाच माणसाचं काम! आधी ७, मग १२, कारण मधल्या काळात दात आणखी तुटला.

२६ जानेवारी

आज जे झालं ते लिहायला लाज वाटते, पण नोंदी ठेवायच्या म्हणजे ठेवायच्या.

क्र. ९, पुरुषाची अंगठी, काळवंडलेली. हात शिवशिवले. आमच्याकडे चांदी म्हणजे पांढरीशुभ्र. दिवाळीआधी सगळी चांदी चिंचेच्या कोळात पडायची, मग रिठ्याच्या पाण्यात, आणि आई ती अशी लखलखवायची की समई आणि पैंजण यांत फरक कळू नये. घरात चिंच होतीच. वीस मिनिटं ठेवली.

बाहेर काढली तेव्हा ठशांच्या खाचांतली काळी झाक पार गेली होती. त्या काळेपणामुळेच नक्षी उठून दिसायची. आता अंगठी एखाद्या तेलकट चेहऱ्यासारखी नुसतीच चकाकत होती. शिवाय खडा. पिरोजा म्हणजे तांबं आणि अॅल्युमिनियम यांचं पाणी धरलेलं फॉस्फेट, कठीणपणा जेमतेम ५ ते ६, सच्छिद्र. तेल, घाम, साबण सगळं पितो. आंबट तर त्याला मुळीच सोसत नाही. वरची झिलई गेली, रंग भुरकट, खडूसारखा.

संध्याकाळी जाऊन आजींना सांगितलं. त्यांनी अंगठी बोटात फिरवली, चष्मा लावून पाहिली, आणि विचारलं, "चिंच म्हणजे काय?"

पुढील नोंदीपर्यंत कसलीही सफाई बंद. फक्त कोरडं मऊ फडकं.

३० जानेवारी

एक गंमत सापडली. फोर्ट विंगेटचे लष्करी डॉक्टर वॉशिंग्टन मॅथ्यूज यांनी १८८० च्या सुमारास नवाहो चांदीकारांना समोर बसवून काम करवून घेतलं आणि बारकाईने लिहून ठेवलं. लाकडाच्या चौकटीत मातीची भट्टी, बकऱ्याच्या कातड्याचा भाता, मूस, डाख लावायला टाकणखार. आप्पांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "मग आमचंच की!" आणि शेवटी चांदी पांढरी करायला तुरटीच्या जातीचा एक खनिज दगड उकळत्या पाण्यात विरघळवून त्यात दागिना घालत.

म्हणजे ज्याने घडवलं त्यालाही ती पांढरीच हवी होती. काळेपण वापराने आणि काळाने आलं, आणि नंतर गिऱ्हाइकाला तेच आवडू लागल्यावर मुद्दाम काळं करायलाही लागले. याने माझा गुन्हा कमी होत नाही. पण आईकडून शिकलेलं अगदीच अडाणीपणाचं नव्हतं, एवढं समाधान.

२ फेब्रुवारी

खडे. क्र. १४ ते १८.

दुकानात गेलं की विक्रेता खडा हातात घेऊन क्षणात खाणीचं नाव सांगतो. बिस्बी, मोरेन्सी, किंगमन, लोन माउंटन, नंबर एट. त्यातली काही नावं ऐकली की किंमत दुप्पट. नेवाडातल्या लँडर ब्लू खाणीतून १९७३ नंतर सगळा मिळून शंभरेक पौंड माल निघाला असं सांगतात, आणि तरीही लँडर ब्लू विकायला असतोच! अॅरिझोनातल्या ग्लोब गावाजवळच्या स्लीपिंग ब्यूटी खाणीने २०१२ मध्ये पिरोजा काढणं थांबवलं. तिचा आकाशी, बिनशिरांचा खडा तेव्हापासून सोन्याच्या पावलांनी चालतो. मी कोणत्याही नगापुढे खाण लिहिणार नाही. रंग, शिरा, आकार, मागून उघडा की बंद, एवढंच. आजींच्या थोरल्या मुलाला हे आवडलेलं नाही. त्याला नाव हवं आहे.

क्र. १६ चा खडा पिरोजा नाहीच. काठाला एक कपची उडाली आहे आणि आत पांढरंफटक. रंगवलेला हाउलाइट, मुळात पांढरा असणारा दुसराच दगड. यजमान फसले का? कदाचित दोन डॉलरला घेतला असेल आणि ठाऊकही असेल.

बाकीच्यांत दोन खडे राळ भरून घट्ट केलेले वाटतात. यात फसवणूक नाही, सांगून विकलं तर. बाजारातला बहुतेक पिरोजा असा कसदार केल्याशिवाय टिकतच नाही.

नावाची मौज: पिरोजा, फिरोजा हे फारसी, निशापूरच्या खाणींतला खडा आपल्याकडे त्याच नावाने आला. युरोपात तो तुर्कस्तानमार्गे पोहोचला म्हणून 'तुर्की' ठरला, त्याचंच टर्कॉइज. तुर्कस्तानात तो निघत नव्हता. इथे मात्र सान्ता फेच्या दक्षिणेला सेरियोसच्या टेकड्यांत स्पॅनिश लोक यायच्या कित्येक शतकं आधीपासून खणत होते. नवाहो स्वतःला 'दिने' म्हणतात, आणि दिने भाषेत निळ्याला आणि हिरव्याला मूळ शब्द एकच आहे, 'दोत्लिझ'. पिरोज्याचं नाव त्यातूनच आलेलं. माझ्या नोंदवहीत मी 'हिरवट निळा', 'निळसर हिरवा', 'जुना होऊन हिरवा पडलेला' असे नऊ प्रकार केले होते. खोडले नाहीत, पण हसू आलं.

९ फेब्रुवारी

क्र. १९ : चांदीचा छोटा चमचा, १४ ग्रॅम. दांड्यावर बाण, मध्ये गरुडासारखा पक्षी, आणि चमच्याच्या खोलगट भागात स्वस्तिक.

आजींनी तो रुमालात गुंडाळून तळाशी ठेवला होता. "हा यादीत घेऊ नकोस," म्हणाल्या. मी म्हटलं, आमच्या उंबऱ्यावर हे रोज काढतात. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या.

नवाहोंकडे ही आकृती म्हणजे 'फिरते ओंडके', वाळूच्या चित्रांतली, एका विधीच्या कथेतली. चांदीवर ती आली पर्यटकांमुळे. सान्ता फे रेल्वेच्या स्थानकांवर हॉटेलं आणि उपाहारगृहं चालवणाऱ्या फ्रेड हार्वी कंपनीने १८९९ पासून हलके, स्वस्त दागिने करवून घ्यायला सुरुवात केली. नवाहो स्वतः घालत ते जड होते, प्रवाशाला नको होते. पातळ पत्रा, छोटे खडे, बाण, पक्षी, 'इंडियन' वाटेल असं काहीही. स्वस्तिक शुभ म्हणून खपायचं. मग जर्मनी. १९४० मध्ये नवाहो, होपी, अपाची आणि पापागो जमातींच्या प्रतिनिधींनी सही करून जाहीर केलं की आपल्या पूर्वजांचं हे मैत्रीचं चिन्ह दुसऱ्या एका राष्ट्राने बाटवलं आहे, यापुढे आम्ही ते विणणार, रंगवणार, घडवणार नाही.

आमच्यावर अशी सही करायची वेळ आली नाही. असं का, यावर बरंच डोकं खाजवलं, उत्तर सुचलं नाही.

चमचा यादीत घेतला. तारीख: १९४० आधी. ३१ नगांत एवढी ठाम तारीख फक्त याचीच.

१५ फेब्रुवारी

ऑफिसची डेडलाइन. काम शून्य.

२३ फेब्रुवारी

क्र. २० : 'स्क्वॉश ब्लॉसम' हार, २१२ ग्रॅम. हा एकच नग दिवसभर पुरला.

साधे गोल मणी ५८, त्यांच्या मधे पाकळ्या फुटलेले मणी १२, खाली चंद्रकोर. भोपळ्याचं फूल हे नाव नंतर चिकटलं. आकार मुळात डाळिंबाचा आहे. स्पॅनिश आणि मेक्सिकन पुरुष विजारीला आणि कोटाला डाळिंबाच्या आकाराची चांदीची बटणं लावत. खालची चंद्रकोर, 'नाहा', तीही घोड्याच्या कपाळावरून आली. स्पॅनिश लोकांनी ती उत्तर आफ्रिकेच्या मूरांकडून घेतली, घोड्याच्या लगामाला लावली, नवाहोंनी आधी घोड्याला आणि मग गळ्यात घातली. आप्पा म्हणाले, "आपल्या बैलालाबी असत्या की." हो, असते.

एक मणी दोन वाट्यांचा. पत्र्याची गोल चकती लाकडाच्या खळग्यात ठोकून वाटी करायची, भोक पाडायचं, दोन वाट्या तोंडाला तोंड लावून डाख द्यायचा, सांधा घासायचा. ५८ मणी म्हणजे ११६ वाट्या. भिंगातून प्रत्येक सांधा पाहिला. एकोणपन्नास मण्यांचा सांधा दिसतच नाही. नऊ मण्यांत डाख थोडा सांडून सुकलेल्या मधासारखा गोठलाय, आणि हे नऊही सलग आहेत, मानेच्या मागे येतील असे. कारागिराने आपले बिघडलेले मणी केसांखाली लपवले. मला तो माणूस एकदम ओळखीचा वाटला. (किंवा ती. बायकाही हे काम करत आल्या आहेत.)

आणि दोऱ्याला अजून बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. आकडा, डॉलरची रक्कम, पेन्सिलने एक नाव आणि एका वस्तीचं नाव. वाचता येतं. इथे लिहीत नाही.

ही गहाणाची चिठ्ठी आहे. ट्रेडिंग पोस्टवर, म्हणजे रिझर्व्हेशनवरच्या किराणा, कापड, लोकर सगळं ठेवणाऱ्या दुकानात, हार ठेवून पीठ, कॉफी, साखर न्यायची, वसंतात लोकर किंवा शरदात कोकरं विकली की सोडवायचा. मुदतीत सुटला नाही तर तो 'मेलेला गहाण', दुकानदार विकायला मोकळा. ही पद्धत समजून घ्यायला मला काही वाचावं लागलं नाही. आईच्या पाटल्या पेरणीच्या दिवसांत कुठे जायच्या आणि दिवाळीला कुठून यायच्या, हे मला सातव्या वर्षी माहीत होतं.

आजींना चिठ्ठीचा अर्थ सांगितला. त्या म्हणाल्या, "मग हा आमचा नाही."

कायद्याने तुमचाच आहे, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण हार खोक्यात परत ठेवला नाही.

१ मार्च

क्र. २१ ते २५. त्यातले २२ ते २५ हे चार नग मी वेगळ्या पिशवीत घातले.

पुढून छान. मागून चारही एकाच साच्यातले: बारीक छिद्रांची कातडी, ठशाच्या कडा वितळल्यासारख्या मऊ. ठसा मारला की कड कापल्यासारखी धारदार असते आणि मागच्या बाजूला उचल येते. इथे मागे सपाट. खडे म्हणजे रंग कालवलेली राळ. २४ च्या मागे चिकटवलेल्या कागदाचा डिंक उरलाय. आयात केलेल्या अशा दागिन्यावर देशाचं नाव पुसलं न जाईल असं हवं हा नियम आहे. कागद का लावला असेल ते उघड आहे.

ओतीव असणं हा गुन्हा नाही, हेही लिहायला हवं. नवाहो ओतकाम स्वतःच एक जुनी कला आहे: टुफा नावाच्या मऊ ज्वालामुखी दगडाच्या दोन फळ्या, एकीत नक्षी उलटी कोरायची, हवा जायला बारीक पाट काढायचे, धुराची काजळी धरायची म्हणजे चांदी सरकते, मग रस ओतायचा. दगडाचा पोत चांदीवर उतरतो. क्र. १० तसा आहे आणि सुंदर आहे. २२ ते २५ तसे नाहीत.

आप्पांना दाखवले. त्यांनी क्र. ७ चा फोटो पुन्हा मागितला आणि म्हणाले, "असलं कडं मी आठ दिवसांत करून देतो. हुबेहूब." मला शंका नाही. पण ते नवाहो म्हणून विकता येणार नाही. १९९० च्या कायद्यानुसार, जे नेटिव्ह अमेरिकन माणसाने केलं नाही ते तसं आहे असं भासवून विकलं तर पहिल्याच गुन्ह्याला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. २०१५ मध्ये न्यू मेक्सिकोत छापे पडले. माल फिलिपिन्समध्ये बनून येत होता. २०१८ मध्ये आल्बुकर्कीच्या एका दुकानदाराला सहा महिने शिक्षा झाली. जी वस्तू बनवायला नवाहो कारागिराला चार दिवस लागतात तीच शेजारच्या काचेत चौथाई किमतीला असेल, तर तो काय खाणार?

आणि 'इंडियन' या शब्दाचा घोळ मी आप्पांना समजावायला गेले. "आपण बी इंडियनच की," म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसले.

८ मार्च, गॅलप

आजींना गाडीत घालून पश्चिमेला. ग्रँट्सजवळ उजवीकडे माउंट टेलर, डोक्यावर बर्फ. दिने लोकांच्या चार पवित्र पर्वतांपैकी हा दक्षिणेचा, आणि त्याचं रत्न पिरोजा. पूर्वेचा शंख, पश्चिमेचा अबलोनी शिंपला, उत्तरेचा काळा जेट. आजींनी काच खाली केली, बोलल्या काही नाहीत. यजमान शाळा सुटल्यावर याच रस्त्याने येत असत.

आधी सरळ अॅरिझोनात, रिझर्व्हेशनवरच्या गनाडोला, हबेलचं ट्रेडिंग पोस्ट. १८७८ पासूनचं, आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ. फळ्या पावलागणिक करकरतात. उंच काउंटर, वर टांगलेली खोगिरं, डबाबंद पीच. आमच्या गावच्या वाण्याच्या दुकानासारखंच अंधारं. उद्यापासून घड्याळं एक तास पुढे. नवाहो नेशन, म्हणजे हे रिझर्व्हेशन, पुढे करतं, उरलेलं अॅरिझोना करत नाही, म्हणून उद्या आलो असतो तरी इथवर तास बदलला नसता.

परत गॅलपला. इथे गहाणाची दुकानं अजून जोरात आहेत. एका दुकानाच्या मागच्या खोलीत शेकडो हार, पट्टे, खोगिरं, बंदुका, सगळ्यांना चिठ्ठ्या. बरेच लोक पैशांसाठी नाही तर सुरक्षित राहावं म्हणून ठेवतात आणि समारंभाला घेऊन जातात. दुकानदाराने आमची चिठ्ठी पाहून सांगितलं, हे पोस्ट केव्हाच बंद झालं. १९७० च्या दशकात केंद्राने गहाणाचे नियम कडक केल्यावर रिझर्व्हेशनवरच्या बऱ्याच पोस्टांनी गहाण घेणंच सोडलं आणि तो धंदा गॅलपसारख्या सीमेवरच्या गावांत आला.

मग जिच्यासाठी आलो होतो ती भेट. एक नवाहो चांदीकार बाई, साठीच्या, दुरुस्तीचं काम करतात. क्र. ५ च्या कड्याचा खडा डुगडुगत होता. कोंदणाची भिंत करवतीच्या दातांसारखी कापलेली, जुनी पद्धत. त्यांनी बोथट पोलादी सळईने एकेक दात अलगद उचलला. पंधरा मिनिटं कुणी बोललं नाही. खडा तळहातावर आला आणि खालून भुसा सांडला. लाकडाचा भुसा, पिवळट, अजून कोरडा. खडा पातळ असला तर त्याला आधार म्हणून आणि धक्का सोसावा म्हणून खाली भुसा भरत. आजींनी बोटाने तो गोळा केला. चांदीकार बाईंनी तो परत घेतला, त्यात आपल्या डब्यातला चिमूटभर घातला, आणि खडा होता तसा बसवला.

मी मोठ्या दिमाखात ७ आणि १२ चे फोटो काढले. तुटका दात, एकच माणूस, वगैरे.

त्यांनी ऐकून घेतलं. मग टेबलाखालून कॉफीचा जुना डबा काढून ओतला. साठ-सत्तर ठसे. "यातले माझे बारा-पंधरा. बाकी वडिलांचे. हे सहा त्यांच्या मामाचे." आणि त्यातला एक उचलून आज सकाळीच त्यांनी केलेल्या अंगठीवर टेकवला. बरोब्बर बसला.

म्हणजे ठसा एक असला म्हणून हात एक असतो असं नाही. हे मला, हुपरीच्या मुलीला, कुणी सांगावं लागलं! आप्पांच्या पेटीत आजोबांचेच ठसे आहेत.

हाराच्या चिठ्ठीबद्दलही विचारलं. नाव शोधून फोटोसकट कुठे टाकू नका, म्हणाल्या. हार सुटला नाही ही त्या घरातली गोष्ट आहे. त्या वस्तीच्या चॅप्टर हाउसला, म्हणजे साधारण आपल्या ग्रामपंचायतीच्या कचेरीला, बंद पाकिटात पत्र द्या.

१६ मार्च

पत्र गेलं. आजींनी हाताने लिहिलं, दोन पानं. मी वाचलं नाही.

२२ मार्च

क्र. २६ ते ३१. घाईघाईने उरकणार होते, पण २६ ने थांबवलं.

साडीपिनेएवढी छोटी पिन, ६ ग्रॅम. पातळ, सारखा, यंत्राचा पत्रा. मागे 'स्टर्लिंग' आणि दोन आद्याक्षरं. कारागिराची अशी खूण जुन्या नगांवर क्वचितच असते. १९७० च्या दशकात या दागिन्यांना तेजी आली, त्यानंतर सर्रास झाली. काठाने किरणांचा ठसा. सात रेघांची जागा, रेघा सहाच. डावीकडून दुसरी पार गेलेली.

७ वर बोथट, १२ वर निम्मी, २६ वर नाही. क्रम पक्का. क्र. ७ चं कडं जाड लगडीचं, २६ चा पत्रा विकतचा. मधे किती वर्षं गेली? एका माणसाच्या हयातीत बसतील, तिघांच्याही.

५ एप्रिल

सान्ता फे. व्हीलराइट संग्रहालय. १९३७ मध्ये मेरी कॅबट व्हीलराइट आणि नवाहो विधिकार हस्तीन क्लाह यांनी उभारलं. इमारत होगनच्या, म्हणजे नवाहोंच्या परंपरागत घराच्या, घाटाची, दार पूर्वेला. २०१५ पासून नैर्ऋत्येतल्या दागिन्यांचा कायमचा विभाग. पाटी वाचत फिरले: 'कारागीर अज्ञात', 'कारागीर अज्ञात'. १९७७ मध्ये या संग्रहालयाने विधींच्या काही पवित्र पोटल्या नवाहोंना परत दिल्या. आजी त्या ओळीपाशी बराच वेळ उभ्या होत्या.

१९ एप्रिल

याद्या पूर्ण. चॅप्टर हाउसकडून उत्तर नाही. हार वाटणीत नाही. आजींच्या कपाटात, चिठ्ठीसकट.

चार खोटे नग थोरल्याने मागितले, कारण ते सगळ्यांत चकचकीत आहेत. देऊन टाकले.

७, १२ आणि २६ एकत्र राहतील असं आजींनी ठरवलं, धाकट्या मुलीकडे. पुठ्ठ्यावर काय लिहायचं यावर आमचा अर्धा तास गेला. मी आधी 'एकाच कारागिराचे' लिहिलं होतं. खोडून आता असं आहे: 'ठसा १. हात १, किंवा २, किंवा ३.'

उरली अंगठी, क्र. ९. ती कुणालाच नको होती. आजींनी माझ्या पुढ्यात ठेवली. "तू बिघडवलीस, तूच वापर." आप्पा म्हणाले, वापर की, हाताच्या तेलानं येईल रंग, दोन-चार वर्षं जाऊ दे. अंगठ्यात बसते. ९.४ ग्रॅम.

यादीत आता ३० नग. क्र. ९ च्या ओळीत आजींनी त्यांच्या अक्षरात लिहिलं आहे: 'दिली'.